चार भाषांचा पेनड्राइव्ह: स्वतःची लाइव्ह लिनक्स इमेज अशी बांधा

सोलापूरच्या पूर्व भागात लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. चालू कॉम्प्युटरची लाइट अशी वारंवार गेली की हार्ड डिस्कवर बसवलेली सिस्टिम एक ना एक दिवस उठायचं नाव घेत नाही. आमच्या अभ्यासिकेत मी संध्याकाळी कॉम्प्युटर शिकवते. तिथली सगळी मशिनं देणगीत आलेली, एका कचेरीतून बाद झालेली, आणि बहुतेकांच्या हार्ड डिस्क देणाऱ्यांनी आधीच काढून घेतलेल्या. प्रोसेसर, रॅम, मॉनिटर मात्र ठणठणीत. या मशिनांना पेनड्राइव्हवरून चालणारी लाइव्ह सिस्टिम हा सगळ्यात चांगला इलाज आहे, आणि ती तयार आणण्यापेक्षा आपल्या हाताने बांधलेली बरी, असं माझं ठाम मत आहे. कारण साधं आहे. आमच्याकडे येणाऱ्या मुलांच्या घरी मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू यांतली एक तरी भाषा बोलली जाते, कित्येकांच्या घरी दोन. पेनड्राइव्ह लावताक्षणी या चारही भाषांत लिहिता येईल, अशी तयार इमेज, म्हणजे पेनड्राइव्हवर जशीच्या तशी उतरवायची पूर्ण सिस्टिमची एकच फाइल, मला कुठे मिळाली नाही.

आधी आत काय घडतं ते समजून घ्या, म्हणजे पुढची प्रत्येक पायरी का आहे ते कळेल. लाइव्ह इमेजमध्ये पूर्ण सिस्टिम स्क्वॉशएफएस नावाच्या एकाच दाबलेल्या फाइलमध्ये असते. ती फक्त वाचता येते, तिच्यात काही लिहिता येत नाही. मशिन सुरू झालं की कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तिच्यावर रॅममध्ये एक लिहिता येणारा थर पसरतो, त्याला ओव्हरले म्हणतात. तुम्ही फाइल बनवा, सेटिंग बदला, काही डिलीट करा, सगळं त्या वरच्या थरात होतं. मागाच्या गावात हे लगेच कळतं: ताणा एकदा भरला की तो तसाच राहतो, रोजची वीण होते ती बाण्याची. लाइट गेली की वरचा थर जातो, खालची सिस्टिम जशीच्या तशी राहते. म्हणून आमच्या वर्गात लाइट गेली तर मुलांचं चालू काम तेवढं जातं, सिस्टिम बिघडत नाही.

आता बांधणी. मी लिनक्सची डेबियन ही आवृत्ती आणि तिचं लाइव्ह-बिल्ड हे इमेज बांधायचं साधन वापरते. उबुंटू किंवा मिंट या लिनक्सच्या दुसऱ्या आवृत्त्यांची चालू सिस्टिम जशीच्या तशी उचलून इमेज करणारी साधनंही आहेत, आणि घाईत ती सोपी वाटतात. मी ती सुचवत नाही. चालू मशिनची इमेज केली की त्यात काय काय आहे हे सहा महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही: कुठला पासवर्ड राहिला, कुठल्या वायफायची नोंद राहिली, कुठली सेटिंग कुणी हाताने बदलली. लाइव्ह-बिल्डमध्ये तुमची सगळी इमेज म्हणजे एक फोल्डर आणि त्यातल्या काही साध्या मजकुराच्या फाइली. त्या फाइली दुसऱ्या कुणाला दिल्या तर त्याच्या घरी तीच इमेज उभी राहते. उद्या मी अभ्यासिकेत नसले तरी हे काम थांबू नये, त्यासाठी ही पद्धत आहे.

खालच्या आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या नेहमीप्रमाणे रोमन लहान अक्षरांत टाइप करायच्या. 'एलबी' ही लाइव्ह-बिल्डची आज्ञा.

बांधायला एक बऱ्यापैकी मशिन हवं, ज्यावर डेबियन बसवलेली आहे. डिस्कवर २० जीबी मोकळी जागा ठेवा. काम लिनक्सच्या स्वतःच्या पार्टिशनवर, म्हणजे ईएक्सटी४ वगैरेवर करा. विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर किंवा पेनड्राइव्हवर फोल्डर केलं तर बांधणी सुरुवातीलाच अडकते, कारण तिथे लिनक्सच्या परवानग्या आणि डिव्हाइस फाइली नीट तयार होत नाहीत. मशिनला यूपीएस असेल तर उत्तम.

सुडो एपीटी इन्स्टॉल लाइव्ह-बिल्ड

मग एक रिकामं फोल्डर करा, त्यात जा, आणि तिथेच 'ऑटो' नावाचं फोल्डर बनवा. लाइव्ह-बिल्डच्या पॅकेजबरोबर (पॅकेज म्हणजे लिनक्समध्ये बसवायच्या प्रोग्रामचा गठ्ठा) डॉक्युमेंटेशनच्या फोल्डरमध्ये 'एक्झाम्पल्स' येतात. त्यातल्या 'ऑटो'मधल्या तीन फाइली, कॉन्फिग, बिल्ड आणि क्लीन, इथे कॉपी करा. पुष्कळ जण ही पायरी गाळतात आणि लांबलचक आज्ञा दर वेळी हाताने टाइप करतात. तसं करू नका. तुमचे सगळे पर्याय ऑटोमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहिलेले असले की नंतर नुसतं 'एलबी कॉन्फिग' म्हटलं तरी ते सगळे लागू होतात.

त्या फाइलमध्ये माझे पर्याय असे आहेत:

--डिस्ट्रिब्युशन ट्रिक्सी
--आर्किटेक्चर्स एएमडी६४
--आर्काइव्ह-एरियाज "मेन कॉन्ट्रिब नॉन-फ्री नॉन-फ्री-फर्मवेअर"
--डेबियन-इन्स्टॉलर नन
--बूटअपेंड-लाइव्ह "बूट=लाइव्ह कंपोनंट्स क्वाएट लोकेल्स=एमआर_आयएन.यूटीएफ-८ टाइमझोन=एशिया/कोलकाता"

ट्रिक्सी म्हणजे डेबियन १३, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली. डिस्ट्रिब्युशनचं नाव स्वतः लिहाच, साधनाच्या मनावर सोडू नका. इथे एक अडचण जुन्या मशिनवाल्यांना येणार: डेबियन १३ मध्ये ३२ बिटच्या मशिनसाठी कर्नलच नाही. देणगीत आलेल्या मशिनवर आधी ३२ बिटवरही चालणारी कुठलीही लाइव्ह सिस्टिम लावून 'एलएससीपीयू' ही आज्ञा द्या, ती प्रोसेसर ३२ बिट की ६४ ते सांगते. कोअर टू ड्युओ असेल तर ६४ बिट चालतं, काळजी नको. खरंच ३२ बिटचंच मशिन निघालं तर त्याच्यासाठी वेगळं फोल्डर करा आणि त्यात डिस्ट्रिब्युशन बुकवर्म, म्हणजे डेबियन १२, आणि आर्किटेक्चर आय३८६ लिहा.

नॉन-फ्री-फर्मवेअर, म्हणजे वायफायसारख्या भागांना लागणारं त्यांचं आतलं सॉफ्टवेअर, हे क्षेत्र डेबियन १२ पासून वेगळं झालं. ते विसरलात तर लॅपटॉपचं वायफाय बहुतेक वेळा बंद राहतं. क्षेत्र उघडं ठेवलं की लाइव्ह-बिल्ड फर्मवेअरची पॅकेजं आपणहून घेतं. इन्स्टॉलर मी मुद्दाम काढला आहे. मुलांच्या हातात जाणाऱ्या पेनड्राइव्हमध्ये हार्ड डिस्क पुसू शकणारं काही नसावं.

एक पर्याय मी अजून लिहिलेला नाही, तो म्हणजे एपीटी-रेकमेंड्स: एका पॅकेजबरोबर सुचवलेली जोडीची पॅकेजंही घ्यायची की नाही ते तो ठरवतो. तो फॉल्स केला की इमेज बरीच लहान होते, म्हणून लोक लगेच तिकडे वळतात. पहिल्या इमेजच्या वेळी त्याला हात लावू नका. रेकमेंड्स बंद केले की यूझर-सेटअप आणि सुडो ही पॅकेजं येत नाहीत, आणि लाइव्ह यूझरच नीट तयार होत नाही. लोकेल्स पॅकेज येत नाही, मग मराठी मेनू दिसत नाहीत. वेगवेगळ्या भाषांचे कीबोर्ड चालवणारं आयबस बसतं, पण बाकी प्रोग्रामांशी त्याची जीटीके जोडणी येत नाही, म्हणून कीबोर्डचं चिन्ह वर दिसतं आणि फायरफॉक्समध्ये मराठी अक्षर उमटत नाही. ही सगळी नावं यादीत हाताने घालायची तयारी असेल तेव्हाच तो पर्याय वापरा.

आता 'एलबी कॉन्फिग' द्या. 'कॉन्फिग' नावाचं फोल्डर तयार होईल, आणि इथून पुढचं सगळं काम त्याच्या आत.

पहिली गोष्ट पॅकेजांची यादी. 'कॉन्फिग' मधल्या 'पॅकेज-लिस्ट्स' मध्ये एक फाइल करा. नावाचा शेवट '.लिस्ट.क्रूट' असा ठेवा, '.लिस्ट' नसेल तर ती वाचलीच जात नाही. (क्रूटचं स्पेलिंग सी-एच-आर-ओ-ओ-टी, म्हणजे बांधली जात असलेली सिस्टिम.) एका ओळीत एक पॅकेज लिहा, म्हणजे नंतर काय घातलं काय काढलं ते पटकन दिसतं. माझ्या यादीत एक्सएफसीई४ हा हलका डेस्कटॉप आणि लॉगिनसाठी लाइटडीएम आहेत, कारण २ जीबी रॅमवर ग्नोम हा डेस्कटॉप जड जातो. वायफाय जोडायला नेटवर्क-मॅनेजर-ग्नोम. फायरफॉक्स-ईएसआर आणि त्याचं मराठी पॅकेज, लिब्रेऑफिसचे रायटर आणि कॅल्क आणि त्यांचंही मराठी पॅकेज. पीडीएफसाठी अट्रिल, लहान मुलांसाठी जीकॉम्प्रिस आणि टक्स पेंट, छपाईसाठी कप्स. बस. यादी वाढवायचा मोह फार होतो. प्रत्येक पॅकेज घालताना मी एकच प्रश्न विचारते: हे गेल्या महिन्यात वर्गात कुणी मागितलं होतं का?

चार भाषांसाठी मात्र हात आखडता घेऊ नका. फॉन्ट्स-नोटो-कोअर या एका पॅकेजमध्ये देवनागरी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूचा नस्तालीक असे चारही लिपींचे फॉन्ट येतात. शिवाय फॉन्ट्स-देवा घाला, म्हणजे मराठीला दोन-तीन पर्याय मिळतात. टायपिंगसाठी आयबस आणि आयबस-एम१७एन. एम१७एनमध्ये मराठी, तेलुगू, कन्नड तिन्हींचा इनस्क्रिप्ट आराखडा आहे, आणि उर्दूचा फोनेटिक.

इनस्क्रिप्टवर थोडं थांबते. आमच्याकडे बरीच मुलं मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवतात आणि इनस्क्रिप्ट अवघड म्हणून सोडून देतात. पण भारतीय लिप्यांसाठी तो एकाच आराखड्यावर बेतलेला आहे: 'क' ज्या बटणावर मराठीत आहे, त्याच बटणावर तेलुगूत आणि कन्नडमध्येही. आमच्या वर्गातली एक मुलगी, घरी तेलुगू बोलणारी, शाळेत मराठी शिकणारी, तिला तेलुगू लिपी वाचता येते पण टाइप कधी केलेली नव्हती. मराठीत 'कमल' लिहून झालं, आयबसमध्ये तेलुगू निवडलं, तिने त्याच बोटांनी तीच बटणं दाबली. स्क्रीनवर तेलुगूत कमल. "मॅडम, तेलुगूचं येगळं शिकायचंच नाही की ओ!" असं म्हणून तिने लगेच आजीचं नाव लिहिलं. एवढ्यासाठी इनस्क्रिप्ट पहिल्या पसंतीला ठेवा.

आता हे कीबोर्ड मशिन सुरू होताच तयार दिसायला हवेत, नाहीतर प्रत्येक मुलाला रोज सेटिंगमध्ये जाऊन जोडावे लागतील. त्यासाठी दुसरी गोष्ट: 'इन्क्लुड्स.क्रूट'. 'कॉन्फिग' मधल्या या फोल्डरमध्ये तुम्ही जे ठेवाल ते इमेजमध्ये त्याच मार्गावर जातं. 'इन्क्लुड्स.क्रूट' च्या आत 'ईटीसी/डीकॉन्फ/डीबी/लोकल.डी' असा मार्ग करून एक फाइल ठेवली, तर ती इमेजमध्ये बरोबर तिथेच सापडेल. डीकॉन्फ म्हणजे सेटिंगं साठवायची सिस्टिमची जागा. मी त्या फाइलमध्ये आयबसच्या 'प्रीलोड-एंजिन्स' ची ओळ लिहिते: आधी इंग्रजी, मग मराठी, तेलुगू, कन्नड इनस्क्रिप्ट आणि शेवटी उर्दू. 'ईटीसी/डीकॉन्फ/प्रोफाइल' मध्ये 'यूझर' नावाची फाइलही लागते. तिच्यात दोन ओळी: 'यूझर-डीबी:यूझर' आणि 'सिस्टिम-डीबी:लोकल'. ती नसेल तर तुमची यादी कुणी वाचत नाही.

याच फोल्डरात 'ईटीसी/स्केल' (स्पेलिंग एस-के-ई-एल) करून ठेवलेलं सगळं लाइव्ह यूझरच्या घरात आपोआप उतरतं, कारण तो यूझर मशिन सुरू होताना नव्याने तयार होतो. डेस्कटॉपवरचे आयकॉन, फायरफॉक्सचं पहिलं पान, 'अभ्यास' नावाचं रिकामं फोल्डर, सगळं तिथे ठेवा. वॉलपेपर मात्र इथून घालू नका. एक्सएफसीई वॉलपेपरची नोंद मॉनिटरच्या नावानिशी ठेवतं. एका मशिनवरून उचललेली ती फाइल दुसऱ्या मशिनवर, जिथे मॉनिटर वेगळ्या पोर्टला लावला आहे, लागूच होत नाही. वॉलपेपर सिस्टिमच्या पातळीवर बदला, आणि त्याचं काम हूक करतो.

हूक ही तिसरी गोष्ट. पॅकेजं बसल्यावर इमेजच्या आत चालणारी छोटी स्क्रिप्ट म्हणजे हूक. ती 'कॉन्फिग/हूक्स/नॉर्मल' मध्ये ठेवायची, नावाचा शेवट '.हूक.क्रूट', आणि सुरुवातीला आकडा, म्हणजे कुठली आधी चालायची ते ठरतं. चालवण्याची परवानगी द्यायला विसरू नका. माझ्या हूकमध्ये दोन मुख्य कामं आहेत: 'डीकॉन्फ अपडेट', म्हणजे वरची कीबोर्डची यादी पक्की होते (यासाठी डीकॉन्फ-सीएलआय पॅकेज यादीत हवं), आणि 'अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज' ने डेस्कटॉप-बॅकग्राउंड बदलणं. आमच्या वॉलपेपरवर सिद्धेश्वर तलाव आहे, वर्गातल्याच एका मुलाने काढलेला फोटो. स्क्रिप्टच्या दुसऱ्या ओळीत 'सेट -ई' लिहा. आतली एखादी आज्ञा फसली तर बांधणी तिथेच थांबते आणि तुम्हाला कळतं. नाहीतर पेनड्राइव्ह लिहून झाल्यावर कळतं.

सगळं ठेवून झालं की:

सुडो एलबी बिल्ड

साधन आधी मूळ सिस्टिम उतरवतं, मग तिच्यात पॅकेजं बसवतं आणि हूक चालवतं, शेवटी सगळं दाबून आयएसओ, म्हणजे इमेजची फाइल, बनवतं. पहिल्या वेळी सगळी पॅकेजं नेटवरून येतात, म्हणून ही बांधणी रात्री लावलेली बरी. उतरवलेली पॅकेजं 'कॅश' फोल्डरमध्ये राहतात. मधेच लाइट गेली तर 'सुडो एलबी क्लीन' करून परत 'एलबी बिल्ड' द्या. क्लीनने कॅश जात नाही, कॅशमध्ये पोचलेल्या पॅकेजांचा डेटा परत जळत नाही. 'एलबी क्लीन --पर्ज' ने मात्र सगळं जातं, तो जपून वापरा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बांधणार असाल तर एपीटी-कॅशर-एनजी बसवा आणि त्याच्यामार्फतच पॅकेजं घ्या, म्हणजे दोन वेगवेगळ्या इमेजांनाही तीच उतरवलेली पॅकेजं पुरतात.

जुन्या प्रोसेसरसाठी अजून एक बदल करण्यासारखा आहे. इमेज डीफॉल्टने एक्सझेड पद्धतीने दाबली जाते. ती लहान होते, पण प्रत्येक फाइल उघडताना प्रोसेसरला ती फुगवत बसावं लागतं. '--क्रूट-स्क्वॉशएफएस-कॉम्प्रेशन-टाइप' ला झेडस्टँडर्ड, म्हणजे झेडएसटीडी दिलं की इमेज थोडी मोठी होते आणि लिब्रेऑफिस लवकर उघडतं. आमच्या मशिनांवर मी हेच वापरते.

बांधणी संपली की फोल्डरमध्ये 'लाइव्ह-इमेज-एएमडी६४.हायब्रिड.आयएसओ' दिसेल. पेनड्राइव्हवर लिहायच्या आधी ती क्यूईएमयूमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर उभा करणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालवून बघा:

क्यूईएमयू-सिस्टिम-एक्स८६_६४ -एनेबल-केव्हीएम -एम २०४८ -सीडीरॉम लाइव्ह-इमेज-एएमडी६४.हायब्रिड.आयएसओ

इथे नुसता डेस्कटॉप आला म्हणून समाधान मानू नका. लिब्रेऑफिस उघडा, चारही भाषांत एकेक ओळ लिहा, फाइल सेव्ह करा. मराठीतली जोडाक्षरं बघा, 'क्ष', 'ज्ञ', 'र्‍य' नीट उमटतात का. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते का ते बघा. फॉन्ट चुकला असेल तर तो इथेच दिसतो.

पेनड्राइव्ह १६ जीबीचा पुरतो. नवी पेठेत स्वस्तातले मिळतात, पण बिनकंपनीचा घेऊ नका. लिहिलेलं परत वाचताना त्यातले काही दगा देतात. पेनड्राइव्ह लावा आणि 'एलएसबीएलके' ने त्याचं नाव बघा. आकारावरून ओळखा, अंदाजाने नको. समजा नाव एसडीबी निघालं:

सुडो सीपी लाइव्ह-इमेज-एएमडी६४.हायब्रिड.आयएसओ /डेव्ह/एसडीबी
सिंक

पूर्ण डिस्कचं नाव द्यायचं, एसडीबी१ नाही. आणि एंटर दाबण्याआधी नाव परत एकदा वाचायचं, कारण चुकीच्या डिस्कवर लिहिलेलं परत मिळवणं फार कठीण. विंडोजवरून लिहायचं असेल तर रुफसमध्ये 'डीडी इमेज' पद्धत निवडा.

मशिन पेनड्राइव्हवरून सुरू करायला बूट मेनूचं बटण प्रत्येक कंपनीचं वेगळं: डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ१२, एचपीला एफ९. आमच्याकडे प्रत्येक मॉनिटरच्या कडेला त्या त्या मशिनचं बटण चिकटपट्टीवर लिहून लावलं आहे. मुलं न विचारता सुरू करतात. मशिनमध्ये ४ जीबी किंवा जास्त रॅम असेल तर बूटच्या ओळीत (सुरू होताना सिस्टिमला दिलेल्या सूचनांची ओळ, वरचं बूटअपेंड-लाइव्ह तिच्यातच जातं) 'टूरॅम' हा शब्द जोडून बघा: सगळी इमेज रॅममध्ये उतरते, पेनड्राइव्ह काढून पुढच्या मशिनला लावता येतो. पेनड्राइव्ह कमी आणि मशिनं जास्त असली की याचा फार उपयोग. फक्त इमेजच्या आकारापेक्षा रॅम बरीच जास्त हवी.

काम साठवायचं काय, हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. "मॅडम, बंद केलं की सगळं जातंय का ओ?" हो, जातं, आणि सामाईक मशिनवर ते गेलेलंच चांगलं. एकाचं फॉर्म भरताना टाकलेलं आधार, बँकेचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. मुलांचं काम त्यांच्या स्वतःच्या वेगळ्या पेनड्राइव्हवर. दहावी-बारावीच्या ज्या मुलांना पूर्ण सिस्टिम घरी न्यायची आहे त्यांच्यासाठी पर्सिस्टन्स, म्हणजे बंद केल्यावरही काम टिकवायची सोय, करून देते. इमेज लिहिल्यावर पेनड्राइव्हवर उरलेल्या जागेत जीपार्टेडने एक ईएक्सटी४ पार्टिशन करा, लेबल बरोबर 'पर्सिस्टन्स' द्या, आणि त्यात 'पर्सिस्टन्स.कॉन्फ' नावाची फाइल ठेवा. फाइलमध्ये एकच ओळ: '/होम'. बूटच्या ओळीत 'पर्सिस्टन्स' शब्द जोडला की यूझरचं घर टिकतं, बाकी सिस्टिम दर वेळी ताजी. '/ युनियन' लिहिलं तर सगळंच टिकतं, पण मग मुलाने काही बिघडवलेलंही टिकतं, म्हणून मी '/होम' वरच थांबते. आणि पर्सिस्टन्सचा पेनड्राइव्ह बंद न करता उपटू नका, या भागात खरंच लिहिलं जातं.

शेवटचं काम सुरक्षेचं. लाइव्ह इमेजला आपोआप अपडेट लागत नाहीत. आज बांधलेला फायरफॉक्स सहा महिन्यांनी सहा महिने जुनाच असतो, आणि त्यावर लोक बँकेची साइट उघडतात. दर दोन महिन्यांनी 'एलबी क्लीन' आणि 'एलबी बिल्ड' करा, नवी इमेज लिहा. 'ऑटो' आणि 'कॉन्फिग' ही दोन फोल्डरं गिट या फाइलींमधले बदल नोंदवणाऱ्या साधनात ठेवा. 'कॅश' आणि आयएसओ ठेवायची गरज नाही. बांधणीची तारीख 'ईटीसी' मध्ये एका फाइलीत हूकनेच लिहून घ्या आणि तीच पेनड्राइव्हवर मार्करने लिहा, म्हणजे कपाटातला कुठला पेनड्राइव्ह परत लिहायचा आहे ते कुणालाही बघताक्षणी कळेल.